पोर्ट फॉरवर्डिंग (घरगुती राउटर)

पोर्ट फॉरवर्डिंग : राउटरच्या सार्वजनिक आयपी पत्त्यावर ठरावीक पोर्ट क्रमांकाने (पोर्ट म्हणजे संगणकावरील एकेका सेवेचे क्रमांकित दार) आलेली मागणी आतील जाळ्यातल्या एका नेमक्या संगणकाकडे वळवण्याची व्यवस्था. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या अडत पेढीवरचा टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा संगणक विश्रामबागेतल्या घरून चालवणे, किंवा साताऱ्याच्या कर सल्लागाराने पुण्याहून आपल्या कचेरीतल्या फायली उघडणे, हे तिचे सांगली-सातारा भागातील नेहमीचे उपयोग. संगणक दुरून चालवण्याच्या साधनांपैकी विंडोजचा रिमोट डेस्कटॉप ३३८९, एसएसएच २२ आणि व्हीएनसी ५९०० हा पोर्ट वापरतात.

उगम : पोर्ट फॉरवर्डिंग हे नॅट, म्हणजे पत्ता-रूपांतर (आतले खाजगी पत्ते आणि बाहेरचा सार्वजनिक पत्ता यांची अदलाबदल), या तंत्राचे अंग आहे आणि त्या तंत्राच्या श्रेयाबाबत एकमत नाही. सर्वसाधारणपणे क्येल्ड एगेवांग व पॉल फ्रान्सिस यांच्या मे १९९४ मधील आरएफसी १६३१ या दस्तऐवजाकडे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तंत्रांचे क्रमांकित दस्तऐवज) बोट दाखवले जाते. तथापि पत्त्यांच्या पुनर्वापराची मांडणी त्सुचिया आणि एंग यांच्या जानेवारी १९९३ च्या लेखात आधीच आढळते. त्यातील त्सुचिया म्हणजेच पुढे फ्रान्सिस हे नाव लावणारे संशोधक, हे लक्षात घेतल्यास वाद बराच निवळतो. दुसरा दावा जॉन मेज आणि ब्रँटली कॉइल यांच्या पिक्स या नॅट करणाऱ्या उपकरणाचा. ते १९९४ च्या सुमारास तयार झाले आणि १९९५ मध्ये जाळ्यांची उपकरणे बनवणाऱ्या सिस्कोने त्यामागची कंपनी विकत घेतली. कल्पनेचे श्रेय पहिल्या गटाला आणि विक्रीयोग्य उपकरणाचे दुसऱ्याला देणे अधिक सयुक्तिक वाटते. आरएफसी १६३१ चा भर मात्र पत्त्यांच्या अदलाबदलीवर आहे. पोर्टसह रूपांतराची परिभाषा ऑगस्ट १९९९ च्या आरएफसी २६६३ मध्ये स्थिरावली, तर बाहेरून येणारी मागणी कायमस्वरूपी नोंदीने आत सोडण्याची मुभा जानेवारी २००१ च्या आरएफसी ३०२२ मध्ये येते. आतील जाळ्यासाठी राखीव असलेले १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ यांनी सुरू होणारे पत्त्यांचे गट फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ मधले.

नियमाची रचना : फॉरवर्डिंगसाठी राउटरमध्ये टाकायच्या नियमात बाहेरचा पोर्ट, आतला पोर्ट, प्रोटोकॉल (टीसीपी किंवा यूडीपी ही माहिती वाहून नेण्याची पद्धत) आणि आतल्या संगणकाचा पत्ता अशा चार गोष्टी भरतात. राउटरच्या पानावर तो ‘व्हर्च्युअल सर्व्हर’, ‘पोर्ट मॅपिंग’ किंवा ‘फॉरवर्ड रूल्स’ या नावाखाली सापडतो.

सार्वजनिक पत्त्याची तपासणी : नियम बिनचूक असूनही जोडणी होत नसेल, तर सांगली व सातारा या दोन जिल्ह्यांत बहुतेकदा सार्वजनिक पत्ता ग्राहकाच्या राउटरवर नसणे हेच कारण निघते. म्हणून नियमाला हात लावण्यापूर्वी हे पाहावे. राउटरच्या स्टेटस पानावरील वॅन (बाहेरच्या जोडणीचा) पत्ता लिहून घ्यावा आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या संकेतस्थळावरील पत्त्याशी ताडून पाहावा. दोन्ही एक असतील तरच पुढे जाण्यात अर्थ आहे. वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर इंटरनेट सेवादात्याने स्वतःकडे आणखी एक नॅट बसवले आहे. हा गट एप्रिल २०१२ मध्ये खास त्यासाठीच राखून ठेवला गेला. तो १९२.१६८ सारखा दिसत नसल्याने जाणकारही त्याला सार्वजनिक समजून तासन्‌तास नियम बदलत बसतात. काही चालक (सेवादाते) १० चा गटही वापरतात.

यामागे टंचाई आहे. जागतिक साठ्यातील आयपी आवृत्ती ४ चे, म्हणजे वरच्यासारख्या चार आकडी पत्त्यांचे, शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले आणि १५ एप्रिल २०११ पासून आशिया-प्रशांत विभागात प्रत्येक सदस्याला शेवटच्या साठ्यातून जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळू लागले. त्यानंतर उभ्या राहिलेल्या छोट्या चालकाला एवढ्या पत्त्यांत हजारो घरे बसवावी लागतात. अशा वेळी स्थिर सार्वजनिक आयपी मागून घेणे हाच सरळ उपाय. तो बहुधा वेगळ्या शुल्कावर मिळतो. मागताना ‘स्टॅटिक आयपी’ एवढेच न म्हणता ‘सार्वजनिक, बाहेरून येणारे पोर्ट खुले असलेला’ असे स्पष्ट सांगावे, कारण खाजगी गटातला न बदलणारा पत्ताही स्थिरच असतो.

दुहेरी नॅट : फायबरची पेटी स्वतःच राउटर असते आणि तिच्यामागे ग्राहक दुकानातून आणलेला वाय-फाय राउटर लावतो. मग मागणी पहिल्याच पेटीत अडते. पेटी ब्रिज मोडवर (राउटरचे काम बंद करून नुसती पुढे जोडणारी) टाकून पीपीपीओई, म्हणजे सेवादात्याकडचे लॉगिन, दुसऱ्या राउटरवर घ्यावे, किंवा दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट (नुसते वाय-फाय देणारा) म्हणून चालवावा. दोन्हींवर ओळीने नियम टाकूनही काम होते, पण तेव्हा दोन्हींचे आतील गट वेगळे हवेत, दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल तर गोंधळ ठरलेला. फायबरच्या पेट्यांत आणखी एक खाच असते. नियम कोणत्या वॅन जोडणीला लागू करायचा हे निवडावे लागते, आणि यादीत टीआर०६९ (पेटी दुरून सांभाळण्याची चालकाची पद्धत) ची व्यवस्थापनाची, फोनची आणि इंटरनेटची अशा वेगवेगळ्या जोडण्या असतात. इंटरनेटचीच निवडावी. चालकाने टीआर०६९ मार्फत दुरून नवी मांडणी पाठवली, तर टाकलेले नियम पुसले जाण्याची शक्यता राहते.

संगणकाकडील दोष : नियमात १९२.१६८.१.१०२ लिहिलेले असते आणि वीज जाऊन आल्यावर संगणकाला .१०७ मिळतो. राउटरमध्ये मॅक पत्त्यावरून (जाळ्याच्या कार्डाचा स्वतःचा क्रमांक) डीएचसीपी आरक्षण करावे, म्हणजे संगणकाला दर वेळी तोच पत्ता मिळतो. केबल आणि वाय-फाय यांचे मॅक पत्ते निराळे असतात, म्हणून प्रत्यक्ष वापरातला घ्यावा. विंडोजच्या होम आवृत्तीत रिमोट डेस्कटॉप स्वीकारण्याची सोय नसते, प्रो लागते. लॉगिनला पिन चालत नाही, पासवर्डच द्यावा लागतो. रिकाम्या पासवर्डचे खाते विंडोज जाळ्यावरून मूळ मांडणीतच नाकारते. अँटिव्हायरसबरोबर आलेली स्वतंत्र फायरवॉल हेही नेहमीचे कारण. जावळी, पाटण, शिराळा या पावसाळी तालुक्यांत वीज वारंवार जाते, तेव्हा बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ मांडणीच्या पानात) वीज परतल्यावर संगणक आपोआप सुरू होण्याची सोय चालू करावी आणि स्लीप बंद ठेवावी.

चाचणी : चाचणी मोबाइल डेटावरून करावी. त्याच घरातल्या वाय-फायवरून सार्वजनिक पत्ता टाकल्यास अनेक राउटर मागणी परत आत वळवत नाहीत आणि चांगला नियमही बिघडलेला भासतो. संदेशाकडे नीट पाहावे. जोडणी तत्काळ नाकारली गेली, तर बहुधा मागणी संगणकापर्यंत पोहोचली असून तिथला प्रोग्रॅम बंद आहे. बराच वेळ थांबून मुदत संपली, तर ती वाटेतच अडली किंवा फायरवॉलने गिळली. ऑनलाइन पोर्ट तपासनीस ‘बंद’ म्हणतो तोही प्रोग्रॅम चालू नसल्यामुळे असू शकतो. संगणकावर वायरशार्क हा जाळ्यावरची ये-जा दाखवणारा प्रोग्रॅम लावून बाहेरचे पाकीट (माहितीचा तुकडा) येते की नाही हे पाहिल्यास दोष राउटरच्या अलीकडे की पलीकडे ते कळते. सार्वजनिक पत्ता बदलता असल्यास डायनॅमिक डीएनएस, म्हणजे बदलत्या पत्त्याला कायम एकच नाव देणारी सेवा, लागते. तिच्यात जुन्या पत्त्याची नोंद अडकून राहिली तरी अपयश येते.

सुरक्षितता : ३३८९ थेट उघडा ठेवू नये. मे २०१९ मध्ये जाहीर झालेल्या ब्लूकीप या त्रुटीत विंडोज ७ सारख्या जुन्या प्रणालींवर पासवर्डशिवाय ताबा मिळवता येत होता. बाहेरचा पोर्ट बदलल्याने आगंतुक कमी होतात, धोका टळत नाही. वायरगार्डसारखे व्हीपीएन (बाहेरून आतील जाळ्यात येण्याचा कूटबद्ध मार्ग) राउटरवर चालवून तेवढाच यूडीपी ५१८२० उघडणे अधिक योग्य. वायरगार्ड अनोळखी पाकिटाला उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट तपासनिसात तो दिसला नाही तर तो दोष मानू नये. सेवादात्याचे नॅट मध्ये असेल तर व्हीपीएनलाही आत येता येत नाही. तिथे एनीडेस्क किंवा टेलस्केल यांसारखी, आतून बाहेर जोडणी करणारी साधनेच उरतात.

आयपी आवृत्ती ६ : येथे संगणकाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता असतो. फॉरवर्डिंग लागत नाही, राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या पत्त्याचा पोर्ट उघडला की पुरते. दुसऱ्या टोकालाही आवृत्ती ६ हवी, आणि नियमात संगणकाचा तात्पुरता नव्हे तर कायमचा पत्ता लिहावा.