कोल एस्पान्योल

अमेरिकन जॅझ पियानोवादक व गायक नॅट किंग कोल (१७ मार्च १९१९–१५ फेब्रुवारी १९६५) याने स्पॅनिशमध्ये गायिलेल्या लॅटिन अमेरिकन गीतांचा ध्वनिमुद्रित संग्रह. कॅपिटल रेकॉर्ड्सने तो १९५८ मध्ये प्रकाशित केला. ही कल्पना कोलचा व्यवस्थापक कार्लोस गास्तेल याची, असे सहसा सांगितले जाते. कोल १९५६ पासून हवानातील ट्रॉपिकाना या रंजनगृहात गात असे. वाद्यसंगीताचे ध्वनिमुद्रणही मुख्यतः हवानातच, आर्मांदो रोमेउच्या वाद्यवृंदासह झाले. कोलला स्पॅनिश येत नव्हते. उच्चार ऐकून व पाठ करून तो गायला.

संग्रहात बोलेरो या संथ प्रेमगीतांचा वाटा मोठा आहे. त्यांतील ‘नोचे दे रोंदा’ मारिया तेरेसा लारा हिच्या नावावर असले, तरी ते तिचा भाऊ आगुस्तीन लारा याचे असावे, असे मानणारे अनेक आहेत.

नृत्यसंगीताच्या दृष्टीने ‘एल बोदेगेरो’ (वाणी) ही चा-चा-चा या क्यूबन नृत्यप्रकारातील रचना विशेष महत्त्वाची. ती ओर्केस्ता आरागोन या क्यूबन वाद्यवृंदातील बासरीवादक रिचर्ड एग्वेस याची. चॉकलेट प्या आणि उधारी चुकती करा, असे बजावणारे तिचे ध्रुवपद लोकांच्या तोंडी बसले.

चा-चा-चाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. व्हायोलिनवादक एन्रिके होर्रिन याच्या ‘ला एंगान्यादोरा’ (सु. १९५३) या रचनेला पहिला मान दिला जातो. माम्बो या क्यूबन नृत्यप्रकारातील आघात नर्तकांना अवघड जातात, हे पाहून त्याने दान्सोन या जुन्या नृत्यप्रकाराच्या अखेरच्या भागातून सोपी, ठळक चाल काढली. पावलांच्या घासण्याच्या आवाजावरून नाव पडले, असे तो सांगे. ‘चा-चा-चा’ अशा त्या तीन पावलांपैकी दोन चौथ्या मात्रेत व तिसरे पुढच्या आवर्तनाच्या समेवर पडते. तो ज्या वाद्यवृंदात वाजवीत असे, त्या ओर्केस्ता आमेरिकाचा प्रमुख निनोन मोन्देहार यानेही या प्रकाराच्या जनकत्वावर हक्क सांगितला. रचनाकार म्हणून होर्रिनचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. मात्र नवा प्रकार नृत्यगृहांत रुजविण्यात त्या वाद्यवृंदाचा वाटा नाकारता येत नाही.

कोलच्या स्पॅनिशवर अमेरिकन हेल उघड जाणवतो. तरीही त्याचा मृदू, संयत स्वर आणि शब्द किंचित मागे रेंगाळू देण्याची जॅझ गायकाची सवय बोलेरोला फार शोभून दिसते. द्रुत रचनांत ती तितकी खुलत नाही.

याच मालिकेत पुढे ‘आ मिस आमिगोस’ (१९५९) व ‘मोर कोल एस्पान्योल’ (१९६२) हे संग्रह निघाले. पहिल्यात पोर्तुगीज गीतेही आहेत.