टेफल केलं की परदेशात नोकरी पक्की? खुलासा

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आपल्या मराठी घरांत ही समजूत वर्षानुवर्षं फिरते आहे: १२० तासांचा ऑनलाइन टेफल कोर्स (इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवण्याचं प्रशिक्षण) करा, कुठल्याही देशात इंग्रजी शिकवायची नोकरी मिळते. तसं नाही. बऱ्याच ठिकाणी आधी पासपोर्ट बघतात, सर्टिफिकेट नंतर.

दक्षिण कोरियाचंच घ्या. तिथला इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. २०१० मध्ये लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे आपल्यासाठी एक वाट निघाली, पण तिला इंग्रजीची पदवी आणि शिक्षकाची पात्रता लागते. म्हणून सयाजीराव विद्यापीठातून इंग्रजीत बी.ए. आणि वर बी.एड. केलेल्या मुलीची बाजू नुसत्या टेफलवाल्यापेक्षा कितीतरी भक्कम. बी.एड.ला ‘इथल्यापुरतं’ म्हणून हिणवू नका.

कागदपत्रं आधीच हाती घ्या. पदवीच्या मूळ प्रमाणपत्राची राज्य पातळीवर पडताळणी होते, मग परराष्ट्र मंत्रालय त्याच्या मागे अपोस्टिलचा, म्हणजे कागद खरा असल्याचं परदेशात मानलं जावं यासाठीचा, स्टिकर लावतं. पोलीस क्लिअरन्स, म्हणजे गुन्हा नोंद नसल्याचा दाखला, पासपोर्ट कार्यालयातून.

एजंटकडे जात असाल तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखालची त्याची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. त्याला ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच शुल्क घेता येतं. आणि ‘टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.