ठाण्यातील कॅथलिक मिशन शाळा

ठाणे शहर, साष्टी बेटाचा उत्तर भाग आणि खाडीपलीकडची नवी मुंबई या पट्ट्यात कॅथलिक पॅरिश (एका चर्चभोवतीचा भाविक समाज), अनेक पॅरिश मिळून होणारा धर्मप्रांत किंवा संन्यासी संघ यांनी चालवलेल्या शाळांची परंपरा. शाळा पॅरिशची असो, फादर लोकांच्या संघाची असो की सिस्टरांची, ठाणेकर तिला सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात. या शाळांची मुळे सोळाव्या शतकात असली, तरी आज दिसणारी इंग्रजी माध्यमाची, एस.एस.सी. बोर्डाची, भरगच्च वर्गांची शाळा ही बरीच अलीकडची गोष्ट आहे. मधल्या चार शतकांत राज्यकर्ते बदलले तसे शाळेत कोण बसणार आणि कोणत्या भाषेत शिकणार हेही बदलत गेले. चर्चचे आवार तेवढे फारसे हलले नाही.

ठाण्याचा कॅथलिक जगाशी संबंध पोर्तुगीजांच्याही आधीचा. एप्रिल 1321 मध्ये चीनकडे निघालेल्या चार फ्रान्सिस्कन साधूंना इथे ठार मारण्यात आले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. त्यांच्या अस्थी पुढे ओदोरिक या प्रवाशाने चीनला नेल्या. मात्र शाळेच्या इतिहासाशी या घटनेचा थेट संबंध नाही. स्मरणिकांतून परंपरेची सुरुवात इथून धरण्याची हौस दिसते, तिला हौसेपलीकडे किंमत देऊ नये.

खरी सुरुवात 1534 च्या वसई तहानंतर झाली. गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यात साष्टी आणि ठाणेही गेले. आधी फ्रान्सिस्कन आणि शतकाच्या मध्यास जेझुइट हे संन्यासी संघ आले. ठाणे तेव्हा कापडासाठी नाव कमावलेले बंदर होते. जेझुइटांनी इथे मुलांसाठी जे शिक्षणगृह चालवले ते निव्वळ पाठांतराचे नव्हते. प्रार्थना, वाचन, लेखन यांच्या जोडीला कुवतीप्रमाणे शिवणकाम, विणकाम, चांभारकाम, लोहारकाम असे हातचे काम शिकवले जाई आणि काही मुलांना शेतीला लावले जाई. धर्मांतर केलेल्या कुटुंबाचे जातीतले आणि गावातले आधार तुटत. पोटापाण्याचे साधन दिले नाही तर बाप्तिस्मा टिकणार नाही, हे पाद्र्यांना नीट ठाऊक होते. मुलांना कसब शिकवण्यामागे भूतदया होती तसा हा व्यवहारही होता.

या काळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आईबाप आणि आजीआजोबा नसलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती शिक्षणासाठी सोपवावे, असे पोर्तुगालच्या राजाचे 1559 चे फर्मान होते. नातेवाईक मूल लपवत, गाव सोडून जात. अनाथालय आणि शाळा एकाच छपराखाली असण्यामागे हा इतिहास आहे. ‘शाळेत घालतात आणि बाटवतात’ हा कोकणपट्टीतला जुना संशयही हवेतून आलेला नाही. तो आजच्या शाळांना लावणे अन्यायाचे आहे. पण त्याला आधारच नव्हता असे म्हणणेही खोटे ठरेल.

या व्यवस्थेत शिकलेल्यांपैकी जगभर नाव झाले ते वसईच्या गोन्सालो गार्सिया यांचे. वसईच्या किल्ल्यात जेझुइटांकडे वाढलेला हा मुलगा पुढे जपानमध्ये व्यापारी आणि नंतर फ्रान्सिस्कन बंधू झाला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मृत्युदंड देण्यात आला आणि 1862 मध्ये चर्चने त्यांना संतपद दिले.

1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज अधिकारी, जहागीरदार आणि युरोपीय पाद्री निघून गेले. शिक्षणगृहांना पोसणारी गावे आणि उत्पन्नेही गेली. स्थानिक ख्रिस्ती समाज मात्र जागेवर राहिला. त्याची देखभाल गोव्याच्या धर्मप्रांताखालच्या एतद्देशीय पाद्र्यांकडे आली. या पाद्र्यांपाशी पैसा नव्हता, मोठी संस्था नव्हती. चर्चच्या ओटीवर किंवा बाजूच्या खोलीत मुलांना प्रार्थना, थोडी अक्षरओळख आणि गायन शिकवणारा मास्तर, एवढ्यावर शिक्षण आले. हाच मास्तर रविवारी मिस्साला वाद्य वाजवी आणि लग्न-मयताला गाई. शाळा म्हणून त्याची ऐट काही नसेल, पण साष्टीच्या गावांतून वाजंत्री आणि गाणारे पिढ्यान्‌पिढ्या निपजले ते याच धड्यांतून.

डिसेंबर 1774 मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. राज्य इंग्रजांचे आणि चर्च गोव्याच्या अखत्यारीतले, असा विचित्र संसार इथून सुरू झाला. मुंबईत रोमच्या थेट हुकमतीखालचे मिशनरी आणि साष्टीत पाद्रोआदोचे, म्हणजे पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेल्या चर्चच्या संरक्षकत्वाखालचे पाद्री, अशी विभागणी होती आणि दोघांत विस्तव जात नव्हता. शाळांवर याचा परिणाम सरळ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन जेझुइट मुंबईत आले आणि वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस (1863), मुंबईचे सेंट झेवियर्स (1869) अशा भक्कम संस्था उभ्या राहिल्या. 1854 च्या शिक्षणविषयक खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी केली, त्याचाही लाभ मिशनऱ्यांनी घेतला. ठाण्याची पॅरिश शाळा मात्र त्या मानाने गरीबच राहिली. 1886 नंतर साष्टी दमण धर्मप्रांतात गेली आणि 1928 मध्ये ती मुंबईच्या धर्मप्रांताला जोडली गेली, तेव्हा कुठे हा दुहेरी कारभार संपला. त्यानंतर या भागातल्या पॅरिश शाळा मुंबईच्या शिक्षणव्यवस्थेचा भाग झाल्या. पुढे त्यांच्या कारभारासाठी धर्मप्रांताचे शिक्षण मंडळ आले. मुख्याध्यापकांच्या बदल्या तिथून होतात. त्यामुळे ठाण्याचे फादर पुढच्या जूनमध्ये वांद्र्याला किंवा कल्याणला दिसू शकतात.

दरम्यान स्थानिक ख्रिस्ती समाजही बदलला होता. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि नोकरीसाठी मुंबई जवळ आली. रेल्वेत, गोदीत, कचेरीत कारकुनी मिळवायची तर इंग्रजी हवे. गोव्याहून येणाऱ्या कॅथलिकांशी त्या नोकऱ्यांसाठी स्पर्धा होती. आपण मूळचे इथलेच, हे सांगण्यासाठी साष्टी-मुंबईच्या ख्रिस्त्यांनी 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. घरात मराठीची बोली, चर्चमध्ये लॅटिन, शाळेत इंग्रजी अशी तिहेरी रचना या समाजाने अंगी बाणवली. लग्नातल्या ओव्या मराठीत आणि नोकरीचा अर्ज इंग्रजीत, यात त्यांना काही वावगे वाटले नाही.

ठाण्यात या परंपरेचा सर्वांना माहीत असलेला पत्ता म्हणजे मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आणि त्याच्या आवारातली त्याच नावाची शाळा. एका बाजूला तलावपाळीची गर्दी, दुसऱ्या बाजूला जांभळी नाक्याचा बाजार आणि मध्ये ही भिंत. संत योहान बाप्तिस्ता यांच्या जन्माचा सण 24 जूनला येतो, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. नव्या पुस्तकांची कव्हरे अजून कोरी असतात आणि रेनकोट ओले. अशा शाळांचा दिवस ठरलेला. सकाळी प्रार्थना, मग राष्ट्रगीत. आठवड्यातल्या ठरावीक तासाला वर्ग फुटतो: कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला जातात, बाकीची ‘मॉरल सायन्स’ला बसतात. त्या तासाच्या गोष्टींत येशू कधी येतो, बहुधा प्रामाणिक लाकूडतोड्या येतो. डिसेंबरात गव्हाण मांडली जाते आणि मेंढपाळ व्हायला हात वर करणाऱ्यांत जोशी, पाटील, म्हात्रे सगळे असतात.

ही बिगरख्रिस्ती मुले इथे आली कशी, याचे उत्तर काही अंशी न्यायालयात सापडते. 6 जानेवारी 1954 रोजी मोरारजी देसाई यांच्या मुंबई सरकारने आदेश काढला की इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत यापुढे अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांच्याखेरीज कोणालाही नवा प्रवेश देऊ नये. राष्ट्रभाषा आणि प्रादेशिक भाषा यांना बळ देणे हा त्यामागचा हेतू. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलने, जी अँग्लिकन परंपरेतली शाळा आहे, या आदेशामुळे दोन मुलांना प्रवेश नाकारला: एका भारतीय ख्रिस्ती पालकाच्या मुलीला आणि गुजराती मातृभाषेच्या एका मुलाला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठाने आदेश रद्द ठरवला आणि 26 मे 1954 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. राज्याच्या मदतीवर चालणाऱ्या संस्थेत केवळ भाषा, धर्म किंवा वंश यांवरून प्रवेश नाकारता येत नाही, हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 29(2) चा आधार होता. शिवाय अँग्लो-इंडियन शाळांना अनुदान हवे असेल तर निदान 40 टक्के जागा इतर समाजांना दिल्या पाहिजेत, असे अनुच्छेद 337 सांगतो. मग सरकार त्याच शाळांना ‘इतरांना घेऊ नका’ कसे सांगणार? खटला कॅथलिकांचा नव्हता, ठाण्याचाही नव्हता. पण तो हरला असता तर ईस्ट इंडियन, गोवेकर आणि मंगळुरी मुलांसाठीही या शाळांतले इंग्रजी वर्ग बंद झाले असते आणि नौपाड्यातल्या मराठी पांढरपेशा घरांतून कॉन्व्हेंटकडे पुढे जी रांग लागली ती लागलीच नसती.

रांग लागली ती मुख्यतः साठच्या दशकानंतर. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि वागळे इस्टेटमध्ये कारखाने आले. देशभरातून कामगार, फोरमन, इंजिनिअर ठाण्यात राहायला आले. त्यांत केरळ, मंगळूर आणि गोव्याचे कॅथलिकही होते. नव्या वस्त्यांना नवी पॅरिश आणि पॅरिशच्या मागोमाग शाळा, हा क्रम ठरून गेला. मराठी माध्यमाच्या मो. ह. विद्यालयात किंवा बी. जे. हायस्कूलमध्ये शिकलेले वडील मुलीला मात्र सिस्टरांच्या शाळेत घालू लागले. शिस्त, इंग्रजी आणि मुलींसाठी सुरक्षित आवार ही तीन कारणे ते सांगत. विवाहविषयक जाहिरातीतला ‘कॉन्व्हेंट शिक्षित’ हा शब्द हे चौथे, न सांगितलेले. या ओढीची किंमतही होती. अनेक इंग्रजी शाळांतून आवारात मराठी बोलणाऱ्या मुलाला दंड होई. ज्या शहरात शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत बहुतेकांना मराठी येते तिथे हा नियम निव्वळ मूर्खपणाचा होता. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत पहिली ते दहावी मराठी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली.

इंग्रजी म्हणजेच कॅथलिक शिक्षण हा समजही ठाणे शहरापुरताच. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर वेगळा होईपर्यंत वसई ठाणे जिल्ह्यातच होती आणि तिथे चर्चच्या मराठी शाळांची परंपरा दांडगी आहे. नंदाखालच्या अशाच मराठी शाळेतून शिकलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक झाले आणि जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष.

नवी मुंबईची कथा वेगळ्या धर्तीची. 1970 मध्ये सिडको हे नवे शहर वसवणारे सरकारी महामंडळ स्थापन झाले तेव्हा वाशी हा आगरी-कोळ्यांच्या गावांचा, मिठागरांचा आणि भातखाचरांचा मुलूख होता. इथे चर्चच्या सावलीत शाळा वाढली नाही. सिडकोने नोडच्या, म्हणजे शहराच्या एकेका उपनगराच्या आराखड्यात शाळेचा भूखंड आखला आणि संस्थेने तो घेतला. वाशीत ठसा उमटवला तो गोव्याच्या पिलार संघाशी नाते सांगणाऱ्या ॲग्नेल आश्रमाने. फादर ॲग्नेलो डिसोझा (1869–1927) यांच्या नावाच्या मल्टिपर्पज स्कूलच्या जोडीला तिथे तंत्रनिकेतन आहे आणि 1994 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयही आले. लेथ, वेल्डिंग आणि सुताराचे बाक असलेली ही कार्यशाळा पाहिली की ठाण्यातल्या जुन्या शिक्षणगृहाची आठवण होते. फरक इतकाच की इथे येणाऱ्याला बाप्तिस्म्याबद्दल कोणी विचारत नाही आणि फी मात्र सगळ्यांना विचारतात.

आजच्या अडचणी बहुतेक कागदी आहेत. जुन्या अनुदानित शाळांत शिक्षकांचा पगार सरकार देते. म्हणून किती शिक्षक ठेवायचे हे पटसंख्येवरून होणाऱ्या संच मान्यतेने ठरते. एखादी तुकडी घटली की शिक्षक अतिरिक्त ठरतो. नव्या विनाअनुदानित शाळांना ही कटकट नाही, पण सगळा भार फीवर पडतो. प्रवेशात कॅथलिक मुलांना प्राधान्य असते आणि बाप्तिस्म्याचा दाखला त्यासाठीच मागतात. तरी शहरी शाळांत बहुसंख्या इतर धर्मीयांचीच असते.

अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क अनुच्छेद 30(1) देतो. 1974 च्या अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेज खटल्यात नऊ आणि 2002 च्या टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी त्याच्या मर्यादा आखल्या. 6 मे 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून पूर्णपणे वगळले. त्यामुळे 25 टक्के जागा दुर्बल घटकांना देण्याचे बंधन या शाळांवर नाही, आणि प्रवेशाच्या हंगामात ठाण्यातल्या पालकांची मुख्य तक्रार हीच असते. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने या निकालाच्या योग्यतेबद्दल शंका व्यक्त केली आणि मोठ्या पीठापुढे नेण्यासाठी हा प्रश्न सरन्यायाधीशांकडे पाठवला.