जुन्या जीपला नवा मॅनिफोल्ड: अर्धा ग्रॅम हवेची गोष्ट

टेबलावर इंजिनाला हवा वाटून देणारे दोन मॅनिफोल्ड, म्हणजे ॲल्युमिनियमचे ओतीव सांगाडे, शेजारी शेजारी ठेवले होते. डावीकडचा माझ्या मित्राच्या 1993 च्या जीप चेरोकीतून काढलेला, आतून तेलकट काळ्या थराने माखलेला. उजवीकडचा त्याच जातीच्या पण 1999 पासूनच्या इंजिनावरचा. जुन्याच्या टोकाच्या नळ्या आखूड वळण घेऊन आत शिरतात, नव्याच्या नळ्या सावकाश, कमानीसारख्या उतरतात. मित्र नव्यावरून हात फिरवत म्हणाला, "बघ, हा बसवला की गाडीला ताकद आलीच." मी त्याला विचारलं, "ताकद या तुकड्यात आहे का? मग हा टेबलावर ठेवला तरी काही करत का नाही?" त्याला प्रश्न आवडला नाही, पण हा लेख त्या प्रश्नातूनच आला आहे.

असे अवयव एकमेकांना बसतात तरी कसे, ते आधी सांगतो. या सहा सिलिंडरच्या सरळ इंजिनाचं घराणं अमेरिकन मोटर्स कंपनीने 1964 मध्ये सुरू केलं आणि ते 2006 पर्यंत चाललं. मधल्या काळात कंपनी क्रायस्लरकडे गेली, कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणारे इंजेक्टर आले, ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर गेला, पण सिलिंडर असलेल्या ब्लॉकचा मूळ आराखडा फारसा हलला नाही. म्हणून 4.2 लिटर इंजिनाचा लांब स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनला जास्त अंतर खालीवर नेणारा, क्रँकशाफ्ट या जीपमधल्या 4.0 लिटर इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसवता येतो आणि साडेचार लिटरचं इंजिन तयार होतं. तसंच 1999 चा इनटेक मॅनिफोल्ड 1993 च्या हेडवर, म्हणजे सिलिंडरांच्या माथ्यावरच्या भागावर, येतो. थ्रॉटलच्या, म्हणजे पॅडलने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या, केबलचा ब्रॅकेट आणि इंजेक्टरना इंधन पुरवणारी नळी (रेल) यांची थोडी जुळवाजुळव करावी लागते, इतकंच.

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे थ्रॉटलमधून आलेली हवा सहा सिलिंडरना वाटून देणारी नळ्यांची रचना. बहुतेकांना वाटतं की नळी जितकी मोकळी तितकी हवा जास्त. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना हे काही अंशी खरं आहे. पण नळीची खरी गंमत वेगळी आहे आणि मला ती या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की घुमणारा आवाज येतो. बाटलीच्या मानेतली हवा हे वजन आणि पोटातली हवा ही स्प्रिंग. मानेतली हवा आत ढकलली जाते, पोटातली दाबली जाऊन तिला परत फेकते, आणि हा झोका चालू राहतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात याचा अभ्यास केला. मान लांब केली की स्वर खाली उतरतो, मान रुंद केली की चढतो, पोट मोठं केलं की पुन्हा उतरतो.

आता इंजिनाकडे या. इनटेक व्हॉल्व्ह उघडा असताना नळी ही मान आणि सिलिंडर हे पोट. नळी आणि हेडमधला पोर्ट मिळून लांबी 40 सेंटिमीटर आणि छेदाचं क्षेत्रफळ 12 चौरस सेंटिमीटर धरू. एवढ्या नळीत हवा भरते जेमतेम अर्धा ग्रॅम. पण 3,000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तीन हजार फेऱ्यांना, या इंजिनाचा पिस्टन ती सेकंदाला सरासरी 55 मीटरच्या वेगाने ओढतो. ताशी जवळपास 200 किलोमीटर! पिस्टन तळाला पोचून क्षणभर थांबतो, हवा मात्र थांबत नाही. तिला वेग आहे, ती येतच राहते आणि स्वतःच्याच जोरावर सिलिंडरमधला दाब वाढवते. व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा, पिस्टन वर निघाल्यावर बंद होतो. दाब शिगेला पोचला असतानाच तो मिटला, तर जास्तीची हवा आत अडकते. झोका आधीच परतीला लागला असेल, तर आलेली हवा पुन्हा नळीत निघून जाते.

म्हणजे प्रश्न वेळेचा आहे. हवेचा झोका आणि क्रँकचा फेरा यांची लय जुळली पाहिजे. पिस्टन हवा ओढतो तो साधारण अर्धा फेरा. तेवढ्यात हवेचं एक आंदोलन पुरं व्हायला हवं. म्हणून नळी-सिलिंडर जोडीची कंपनसंख्या क्रँकच्या फेऱ्यांच्या सुमारे 2.1 पट असते तेव्हा सर्वाधिक हवा भरते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. कंपनसंख्या काढायची तर नळीच्या क्षेत्रफळाला तिच्या लांबीने आणि पोटाच्या आकारमानाने भागायचं, वर्गमूळ घ्यायचं, त्याला ध्वनीच्या वेगाने गुणायचं आणि दोन पायने भागायचं. पिस्टन सतत हलत असल्याने पोटाचं आकारमान ठरावीक नसतं, म्हणून पिस्टन निम्म्या वाटेवर आहे असं मानतात. 4.0 लिटर इंजिनाचा एक सिलिंडर 660 घन सेंटिमीटरचा, कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन तळाला आणि माथ्यावर असतानाच्या आकारमानांचं गुणोत्तर) 8.8. पिस्टनच्या वर उरणारी जागा धरून पोट येतं सुमारे 414 घन सेंटिमीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला 345 मीटर घेतला तर कंपनसंख्या निघते 148 आणि ती जुळते 4,200 आरपीएमच्या आसपास.

नळी 10 सेंटिमीटरने लांब करा, जुळणी 3,800 च्या खाली उतरते. नळी जाड करा, ती वर चढते. आणि मघाचा लांब स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट घातला तर सिलिंडर 660 वरून सुमारे 750 घन सेंटिमीटरचा होतो, पोट वाढतं, आणि मॅनिफोल्डला हातही न लावता त्याची जुळणी 250 आरपीएमने खाली येते. मॅनिफोल्ड तोच, पण क्रँक बदलल्यामुळे त्याचा स्वर बदलला. माझ्या मित्राला मी हेच सांगत होतो. ताकद कुठल्या एका तुकड्यात नसते, ती दोन अवयवांच्या जुळण्यात असते.

हे आकडे मी गृहीत धरलेल्या मापांवरचे आहेत. खऱ्या मॅनिफोल्डमध्ये नळीतून मागेपुढे जाणाऱ्या दाबलहरीही असतात आणि सहा सिलिंडर एकमेकांच्या झोक्यात ढवळाढवळ करतात. पण दिशा हीच राहते.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. इंधनाच्या नळीला चुंबक लावा, थ्रॉटलखाली हवा घुमवणारी पाती बसवा आणि मायलेज वाढवा, असल्या वस्तू आजही विकल्या जातात. चुंबकामुळे पेट्रोलच्या ज्वलनात काही फरक पडत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक उपकरणं तपासली, मायलेज लक्षणीय वाढवणारं एकही निघालं नाही. मॅनिफोल्डचा फायदा गणिताने दाखवता येतो आणि तो कोणत्या आरपीएमला मिळेल हेही सांगता येतं. विकणाऱ्याला ते सांगता येत नसेल, तर पैसे खिशातच ठेवावेत.

आता जुन्या गाडीचा कॉम्प्युटर. या जीपमध्ये आत येणारी हवा मोजणारं यंत्रच नाही. मॅनिफोल्डमधला दाब, हवेचं तापमान आणि आरपीएम यांवरून कॉम्प्युटर हवेचा अंदाज बांधतो आणि त्यासाठी त्याच्याजवळ एक कोष्टक असतं, तेही जुन्या मॅनिफोल्डवर तयार केलेलं. नव्या नळीच्या झोक्याने जास्त हवा भरली, तरी थ्रॉटल पूर्ण उघडा असताना दाबाचा सेन्सर जवळपास तोच आकडा दाखवतो. कोष्टकात ही जास्तीची हवा नाहीच. एरवी सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर चूक पकडतो आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण 14.7 ला 1 वर आणतो. पण पॅडल पूर्ण दाबलं की कॉम्प्युटर त्याचं ऐकणं बंद करतो. म्हणजे जास्तीची हवा येते नेमकी तेव्हाच तिच्यावर लक्ष नसतं.

मित्राने त्याच जोडीने नंतरच्या काळातले चार भोकांचे इंजेक्टरही टाकले होते. फवारा बारीक होतो म्हणून ते चांगलेच. पण ते 49 पीएसआय (चौरस इंचाला पाउंड) दाबावर चालणाऱ्या गाडीतले, आणि याच्या रेलमध्ये दाब 39. भोकातून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. 39 भागिले 49 चं वर्गमूळ 0.89, म्हणजे इंधन 11 टक्क्यांनी कमी. हवा जास्त, इंधन कमी आणि कॉम्प्युटरला दोन्हीचा पत्ता नाही. मिश्रण असं कोरडं पडलं की चढावर नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी भडकून होणारी ठकठक, सुरू होतं आणि ते तसंच चालू ठेवलं तर पिस्टन जातो. म्हणून नवे इंजेक्टर घेताना भोकं किती हे विचारण्याआधी ते कोणत्या दाबाला मिनिटाला किती इंधन देतात ते विचारावं.

मॅनिफोल्ड बसवल्यावर मित्राच्या गाडीत शिट्टी वाजू लागली आणि आयडलिंग हजारावर गेलं. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट हेडच्या एकाच बाजूला असतात, दोघांना मिळून सांधा बंद करणारं एकच गॅस्केट. त्याने जुनंच पुन्हा वापरलं होतं. साबणाच्या पाण्याचा फवारा सांध्यावर फिरवत नेला, तर शेवटच्या सिलिंडरपाशी शिट्टी क्षणभर दबली. गळतीतून हवा आली की मॅनिफोल्डमधला दाब वाढतो, कॉम्प्युटरला ती खरीच मागणी वाटते, तो इंधनही वाढवतो, म्हणून आरपीएम चढतो.

नवं गॅस्केट आणलं, बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने आवळले, योग्य प्रवाहाचे इंजेक्टर घातले. मग आम्ही गाडी डोंगरावर नेली. लो रेंजमध्ये, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणाऱ्या गिअरमध्ये, दगडांवरून चढताना इंजिन दीड हजारावर होतं आणि थ्रॉटल जेमतेम उघडा. तिथे नव्या मॅनिफोल्डचा काही फरक जाणवला नाही, जाणवणारही नव्हता. तिथलं काम चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचा 2.72 चा गिअर करतो. परतताना मोकळ्या घाटरस्त्यावर त्याने पॅडल दाबलं, काटा साडेतीन हजार ओलांडून गेला आणि इंजिनाचा आवाज एकदम भरदार झाला. खाली थांबल्यावर, गळती राहिली नाही ना हे पाहायला, मॅनिफोल्डमधली ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजणारा व्हॅक्यूम गेज जोडला. सुई 18 इंचांवर न थरथरता उभी होती.