जाइमे लर्नर

जाइमे लर्नर (१७ डिसेंबर १९३७ – २७ मे २०२१) हे ब्राझीलचे आर्किटेक्ट आणि नगररचनाकार, कुरितिबा शहराचे तीन वेळा महापौर आणि नंतर पाराना राज्याचे दोन टर्म गव्हर्नर. आईवडील पोलंडहून आलेले ज्यू. १९६४ मध्ये पारानाच्या फेडरल युनिव्हर्सिटीतून डिग्री घेतली आणि पुढच्याच वर्षी शहराच्या प्लॅनिंगसाठी 'इप्पुक' ही संस्था निघाली तिच्या उभारणीत ते होते, त्यामुळे १९७१ ला महापौर झाले तेव्हा प्लॅन हातात तयार होता, तो फक्त अमलात आणायचा होता.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, पहिल्या दोन टर्म (१९७१-७५ आणि १९७९-८३) त्यांना लष्करी राजवटीत नेमलं होतं, लोकांनी निवडून दिलं ते थेट १९८८ ला. त्यांच्या कामाचा झपाटा बघताना हे विसरून चालत नाही.

१९७२ मध्ये शहराचा मेन रस्ता त्यांनी गाड्यांसाठी बंद करून फक्त चालणाऱ्यांना दिला, दुकानदारांचा विरोध होता, कोर्टातून स्टे येईल म्हणून शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू करून ७२ तासांत उरकलं. नंतर गाडीवाले घुसणार अशी कुणकुण लागली तर रस्त्यावर लांबच लांब कागद अंथरून पोरांना चित्रं काढायला बसवलं!

सगळ्यात मोठं काम बसचं. मेट्रो परवडणारी नव्हती, म्हणून १९७४ पासून मोठ्या रस्त्यांच्या मधोमध बसला वेगळी लेन दिली आणि उंच इमारतींना परवानगी मुख्यतः त्याच पट्ट्यांत, म्हणजे माणसं राहणार तिथेच बस धावणार. हे जोडून बघणं हीच त्यांची खरी हुशारी. तिसऱ्या टर्ममध्ये काचेची नळीसारखी स्टॉप आली, तिकीट आधीच काढायचं आणि बसच्या फ्लोअरच्या लेव्हललाच चढायचं. पुराच्या नद्यांना काँक्रीटमध्ये बांधण्याऐवजी काठाला तलाव नि पार्क केले, आणि कचऱ्याचा ट्रक जाऊ शकत नाही अशा वस्त्यांत कचऱ्याच्या बदल्यात बसची तिकिटं नि भाजी दिली.

गव्हर्नर म्हणून (१९९५-२००२) कारकीर्द जास्त वादाची. रेनॉची फॅक्टरी आणली, पण राज्याची बँक विकली, वीज कंपनीही विकायला काढली होती, ते लोकांच्या विरोधामुळे जमलं नाही. कुरितिबावरही टीका आहेच, गरीब लोक शहराबाहेरच्या गावांत ढकलले गेले आणि त्यांच्यापर्यंत हे सगळं तितकं पोचलं नाही, आणि ही टीका रास्तच आहे.

२००२ ते २००५ ते आर्किटेक्ट्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते.