आरोग्य आणि वेलनेस: फरक नेमका कुठे आहे?

सोलापूर जिल्ह्यातल्या सरकारी उपकेंद्रांवर आज ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी दिसते. २०१८ मध्ये ही योजना आली तेव्हा तिच्या इंग्रजी नावात ‘हेल्थ’ आणि ‘वेलनेस’ असे दोन्ही शब्द होते. मराठीत त्याचे ‘आरोग्यवर्धिनी केंद्र’ झाले आणि २०२३ मधल्या नामांतरात ‘आरोग्य’ तेवढे उरले. शब्द समानार्थी असते, तर यात काहीच हरवले नसते.

‘आरोग्य’ हा शब्द ‘अरोग’पासून, म्हणजे रोग नसण्यावरून बनला आहे. तपासणीचे आकडे मर्यादेत असले की दवाखान्याच्या लेखी माणूस निरोगी ठरतो. (शहरात ‘वेलनेस पॅकेज’ म्हणून विकल्या जातात त्या बहुधा याच रक्त-लघवीच्या तपासण्या असतात.) एवढे पुरेसे नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ मध्ये अमलात आलेल्या घटनेतच नमूद आहे: शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती म्हणजे आरोग्य, केवळ रोगाचा अभाव नव्हे.

वेलनेसची आधुनिक कल्पना १९५० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. हॅल्बर्ट डन यांनी मांडली. गंमत अशी की, हे गृहस्थ अमेरिकेतल्या जन्ममृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यालयाचे प्रमुख होते. माणूस ज्या परिस्थितीत जगतो तिच्यात राहून आपल्या क्षमतेच्या शिखराकडे जात राहणे, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. यातली ‘परिस्थिती’ जाहिराती नेमकी गाळतात. यंत्रमागाच्या खडखडाटात दिवस काढणाऱ्या कामगाराची किंवा घरी तंबाखूच्या धुळीत विड्या वळणाऱ्या बाईची साखर आणि रक्तदाब ठीक असू शकतात. ती दोघे निरोगी ठरतील, पण डन यांच्या कसोटीला त्याचा माग आणि तिचे तंबाखूचे सूपही तपासावे लागेल.

मराठीत या दुसऱ्या अर्थाच्या जवळ जाणारा शब्द ‘स्वास्थ्य’ आहे. ताप आलेला माणूस ‘आजारी’ असतो, मुलाच्या निकालाची वाट पाहणारा ‘अस्वस्थ’. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथातही स्वस्थाच्या लक्षणांत दोष (वात, पित्त, कफ), अग्नी (पचनशक्ती) आणि धातू (शरीराचे घटक) यांच्या समत्वासोबत आत्मा, इंद्रिये आणि मन यांची प्रसन्नता सांगितली आहे. तरीही वेलनेस म्हणजे आपलेच जुने स्वास्थ्य, हा दावा मला अर्धाच पटतो, कारण सुश्रुतसंहितेचा भर समतोलावर आहे आणि डन यांना सतत चढती वाटचाल अपेक्षित आहे.