लसूण पीकसंरक्षण (गोवा)

गोव्यात लसूण हे मोठे पीक नाही. बाजारातला बहुतेक माल घाटावरून येतो आणि येथील उबदार हिवाळ्यात गड्डा लहानच राहतो. तरी खरीप भात कापल्यावर वायंगणी (रब्बी) हंगामात मिरची, कांदा, अळसांद्यांच्या (चवळीच्या) जोडीला लसणीचे चार वाफे लावले जातात. खारटपणा सोसत नसल्याने खाजन (खाडीकाठची खारी) जमीन तिच्या कामाची नाही.

राखण सुरू होते ती बेण्यापासून. स्वयंपाकघरातली बाजारची लसूणच लावण्याची सवय सर्रास आहे आणि पुढच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ तिच्यात असते. विषाणू, सूत्रकृमी आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारे कोळी पाकळीतूनच शेतात येतात. कोळी लागलेल्या रोपाची पाने सुटी न होता एकमेकांत अडकून वेडीवाकडी निघतात, कडांना पिवळे पट्टे उमटतात. खत कमी पडले असे समजून युरिया टाकला जातो आणि लुसलुशीत झालेल्या पातीवर फुलकिडे वाढतात. म्हणून घट्ट, निरोगी गड्ड्याच्या बाहेरच्या मोठ्या पाकळ्या निवडाव्यात. दाबल्यावर दबणारी किंवा निळसर बुरशी धरलेली पाकळी टाकून द्यावी. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकात बुडवलेल्या बेण्याला लगेच ट्रायकोडर्मा चोळणे म्हणजे स्वतःच लावलेली मित्रबुरशी मारणे होय.

फुलकिडे (शेतकऱ्यांच्या भाषेत टाक्या) पानांच्या बेचक्यात लपतात. मधली पाने अलगद फाकवली की फिकट पिवळी पिल्ले पळताना दिसतात. पातीवर चंदेरी ठिपके पडतात. ऊन तापू लागल्यावर त्यांचा जोर वाढतो. लागवडीच्या महिनाभर आधी वाफ्यांभोवती मक्याच्या दोन दाट ओळी पेरल्यास बाहेरून येणारे फुलकिडे अडतात. प्रादुर्भाव थोडा असतानाच ५ टक्के निंबोळी अर्क उपयोगी पडतो.

तुषार सिंचनाने फुलकिडे धुऊन जातात, पण ओल्या पातीवर करपा फावतो. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत आणि पहाटेच्या दंवात ही अडचण खरी आहे, ठिबक बरे. जांभळ्या करप्यात खोलगट पांढुरका डाग मध्यभागी जांभळट होतो, त्याच्याभोवती पिवळी कड येते आणि पात तिथून मोडते. दंव सुकल्यावर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला २.५ ग्रॅम फवारतात. पात मेणचट असल्याने द्रावणात स्टिकर (औषध पातीला चिकटवणारे द्रव्य) हवाच.

बुडाशी पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम बुरशीची कूज. रोप आसपासच्या मातीसह उपटून जाळावे. ही बुरशी भुईमूग आणि मिरचीवरही जगते, त्यामुळे त्यांच्याशी केलेली फेरपालट फसवी ठरते. भातखाचरात पाणी साचून राहिल्याने तिचे दाणे बरेचसे मरतात. मोरडीवरील (उंचवट्याच्या जमिनीवरील) परसबागेला ही सोय नाही, तिथे गादीवाफे करून पाण्याचा निचरा सांभाळावा लागतो.

काढणीनंतर पातीसकट सावलीत सुकवलेल्या जुड्या हवेशीर जागी टांगतात. पावसाळ्यात काळी बुरशी प्रथम मानेशी दिसते. असा गड्डा बेण्यात ठेवू नये.